टेबलाचा फोटो खालूनही काढा

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या कामाच्या टेबलावर पानभर लेख आला होता, तो वाचला, लेख चांगलाच होता, तक्रार लेखाची नाहीचे. तक्रार फोटोची आहे. पांढरंशुभ्र टेबल, त्यावर मोठा मॉनिटर, पुढ्यात कीबोर्ड-माऊस, बाजूला तळहाताएवढा कॉम्प्युटरचा डबा आणि कोपऱ्यात एक कुंडी. बस्स. आणि वायर एकही नाही! चष्मा पुसून बघितलं, मग मोबाईलवर तेच पान उघडून दोन बोटांनी मोठं करून बघितलं, नाहीच. मॉनिटर तर चालू आहे, त्यावर डोंगरांचं चित्र दिसतंय, म्हणजे करंट कुठून तरी येतोय ना? लेक म्हणाली, बाबा, त्यांनी नंतर पुसल्यात वायरी. असेलही. पण मग ते टेबलाचं चित्र झालं, टेबल नव्हे, आणि असलं चित्र बघून माणूस छोटा कॉम्प्युटर घेऊन बसतो आणि पुढे काय होतं ते मला विचारा, कारण मी तेच केलंय. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

माझं काम घरूनच चालतं, हिशेबाचं, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. आधी टेबलाखाली तो मोठा उभा डबा होता, ज्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो (खरा सीपीयू म्हणजे आतली ती चौकोनी चिप, पण आता कोण कुणाला सुधारणार). पाय पसरले की गुडघा त्याला लागायचा, झाडू मारताना तो सरकवायला लागायचा आणि सरकवला की मागची एखादी पिन सैल होऊन मॉनिटर काळा. दहा वर्षं हे चाललं. मग तो गेला आणि छोटा आला. हे छोटे कॉम्प्युटर काही कालचे नाहीत हो. ॲपलचा मॅक मिनी जानेवारी २००५ मध्ये आला, साडेसहा इंच चौरस आणि दोन इंच उंच, त्याच्यासोबत मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, माऊस नाही, ते तुमचं तुम्ही आणा असा सरळ हिशेब. नंतर इंटेलने एनयूसी काढला, त्याचा आतला बोर्डच चार इंच बाय चार इंच, २०२३ मध्ये इंटेलने त्यातून अंग काढून घेतलं आणि ते काम एसूसकडे गेलं. ऑफिसांसाठी लेनोवो, डेल, एचपी सगळ्यांचेच एक लिटरवाले डबे निघतात, म्हणजे अख्ख्या कॉम्प्युटरचं आकारमान पाण्याच्या बाटलीएवढं. २०२४ चा मॅक मिनी तर पाच इंच चौरसावर आला. आता यातला माझा कुठला ते सांगत नाही, कारण पुढे जी फजिती सांगणार आहे ती कंपनीची नाही, माझी आहे.

तर छोटा डबा आला, टेबलावर ठेवला, टेबलाखाली पाय पसरले, काय सुख! दुसऱ्या दिवशी सकाळी बायको चहा द्यायला आली आणि कप हातात धरून उभीच राहिली. ठेवायला जागा नव्हती. मोठा डबा गेल्यावर टेबल मोकळं व्हायला हवं होतं, ते उलट भरलं होतं. असं का झालं ते कळायला मला आठवडा लागला. तो जुना अडगळीचा डबा एक काम गुपचूप करत होता, सगळ्या वायरी तो आपल्या पाठीमागे, टेबलाखाली, अंधारात घेऊन बसला होता. नवा डबा टेबलाच्या वर. मग वायरी कुठे जाणार? वरच येणार. सगळ्या खालून वर चढून आल्या, कडेवरून, मागच्या फटीतून, आणि त्या एवढ्याशा डब्याच्या पाठीत घुसल्या. जाड काळी डिस्प्ले केबल तर एवढी ताठ की ती डब्यालाच वळवून ठेवायची, मी सरळ करायचो, ती परत तिरका करायची.

एका सुट्टीच्या दिवशी बसून मोजल्या. सॉकेटकडे जाणाऱ्या सात: कॉम्प्युटर, मॉनिटर, स्पीकर, राउटर, प्रिंटर, दिवा, मोबाईलचा चार्जर. आणि आपसात जोडणाऱ्या आणखी सात: डिस्प्लेची, कीबोर्डची, वेबकॅमची, स्पीकरच्या आवाजाची, नेटची, बाहेरच्या डिस्कची, प्रिंटरची. चौदा! आणि माऊस बिनवायरचा, नाहीतर पंधरा. लॅपटॉपवाल्याला यातलं निम्मं काही लागत नाही, त्याच्या आतच कॅमेरा आहे, माईक आहे, स्पीकर आहे, बॅटरी आहे, छोट्या डेस्कटॉपमध्ये यातलं बहुतेक काही नसतं. म्हणूनच तो छोटा आहे. जे काढून टाकलं ते आपण परत बाहेरून जोडतो, प्रत्येकाला शेपूट लावून. शिवाय बऱ्याच मिनी कॉम्प्युटरांचा अडॅप्टर वेगळा, बाहेर असतो, काळी वीट, कधीकधी ती जवळजवळ डब्याच्याच आकाराची. मॅक मिनीत २०१० पासून वीजपुरवठा आतच असतो, तेवढी एक वीट कमी. जाहिरातीत डबा हातावर धरलेला दाखवतात, वीट कुणाच्या हातावर बघितलीये का कधी?

मग मी पहिली अक्कल लढवली. मॉनिटरच्या पाठीला चार भोकं असतात, ७५ नाहीतर १०० मिलिमीटर अंतरावर, वेसा माउंट म्हणतात, त्यावर पट्टी लावून हा छोटा डबा मॉनिटरच्या मागेच टांगता येतो. टेबलावर डबाच नाही! वाचून मी इतका खूष झालो की पट्टी आल्यावर लगेच स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो. मॉनिटर उताणा केला, तेव्हा दिसलं की त्या चार भोकांवर मॉनिटरचा स्वतःचाच स्टँड बसलाय. म्हणजे एकतर स्टँड नाहीतर डबा. काही मॉनिटरना दोन्ही जमतं, काहींच्या पट्ट्या अशा येतात की मधे बसून दोघांनाही धरतात, पण ते आधी बघायचं असतं, घरी आणून नव्हे. तीही पट्टी मिळवली मी, हट्टाने. टांगला डबा. आणि मग रोजची सर्कस सुरू झाली. पॉवरचं बटण मागे. हेडफोनचं भोक मागे. पेन ड्राईव्ह लावायचा तर उभं राहून मॉनिटरच्या डोक्यावरून हात मागे घालायचा, गाल स्क्रीनला टेकवायचा आणि बोटांनी भोक चाचपायचं, नेटच्या भोकात पेन ड्राईव्ह निम्मा जातो हे मला तेव्हा कळलं. त्यात एक दिवस डिस्प्लेची केबल काढायला गेलो. ही डिस्प्लेपोर्टची पिन असते ना, तिच्या डोक्यावर बहुतेक वेळा एक बारीक बटण असतं, ते दाबलं तरच आतले दोन हुक सुटतात. एचडीएमआय ही दुसऱ्या प्रकारची डिस्प्ले केबल, तिला तसं नसतं, ती नुसती ओढली की येते. मला मागचं काही दिसत नव्हतं, मी एचडीएमआयच्या सवयीने ओढली. मॉनिटर, डबा आणि स्टँड असे तिघं मिळून माझ्या छातीवर आले. वाचलं सगळं, छाती नंतर दोन दिवस दुखली. ज्यांना डबा एकदा टांगून वर्षभर हात लावायचा नाही, त्यांच्यासाठी हा प्रकार उत्तम आहे, काउंटरवर वगैरे. रोज काहीतरी लावणाऱ्या-काढणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत.

दुसरी अक्कल याहून भारी होती. ड्रॉवर. डबा ड्रॉवरमध्ये ठेवला, मागे भोक पाडलं, वायरी आतून घेतल्या, ड्रॉवर बंद. फोटोतल्यासारखं टेबल! अर्ध्या तासात ड्रॉवरमधून असा आवाज यायला लागला की लेक बाहेरच्या खोलीतून ओरडली, बाबा मिक्सर लावलाय का. उघडला तर आतून गरम वाफ आल्यासारखी हवा, आणि कॉम्प्युटर इतका मंद झाला होता की एक फाईल सेव्ह करायला बोटं मोडत बसावं लागत होतं. त्याचं कारण साधं आहे, एवढ्याशा डब्यात पंखाही एवढासाच, तो जोरात फिरला तरच हवा निघते, आणि चिप तापली की ती स्वतःला वाचवायला स्वतःच वेग कमी करते. बंद ड्रॉवरमध्ये तो बिचारा स्वतःचीच गरम हवा परत परत ओढत होता. बऱ्याच डब्यांना हवा खालून आत जाते, २०२४ च्या मॅक मिनीत तर हवा आत जाणं आणि बाहेर येणं दोन्ही बुडाशीच आहे, म्हणून खाली कापड, रुमाल, मऊ चटई असलं काही अंथरू नये, आणि वरून फायलींचा ढीग तर नाहीच नाही. (त्याच मॅक मिनीचं पॉवरचं बटणही बुडाशी, मागच्या कोपऱ्यात दिलंय, त्यावर लोक किती हसले! खरं सांगू का, मी महिन्यातून एकदासुद्धा बटण दाबत नाही, उठताना झोपवतो आणि कीबोर्डवरून उठवतो, त्यामुळे मला त्या हसण्यात फारसा अर्थ वाटत नाही.) चारी बाजूंनी चार बोटं हवा राहील असा उघड्यावर ठेवा. दिसला तर दिसू दे, दिसायला वाईट नसतोच तो.

आता जे शेवटी जमलं ते सांगतो. टेबलावरचं सगळं काढलं, अगदी सगळं, आणि टेबलाखाली जाऊन उताणा झोपलो. लेक टॉर्च धरून. खालून टेबल बघितलंय का कधी? टेबलाची खालची बाजू म्हणजे अख्खी रिकामी भिंत आहे, आणि आपण तिचा काही उपयोगच करत नाही. वायरींना जमिनीवर लोळू देतो, तिथे त्या धूळ गोळा करतात, पायात येतात, खुर्चीच्या चाकाखाली चिरडतात. तर आधी एक्स्टेंशन बोर्ड टेबलाच्या पोटाला स्क्रूने उलटा लावला, मागच्या कडेपासून वीतभर आत. मधल्या दोन-तीन सॉकेटांत मोठे अडॅप्टर शेजारी शेजारी बसत नाहीत, एक वीट दोन सॉकेट खाते, म्हणून सॉकेट लांब लांब असलेला बोर्ड घ्यायचा. स्क्रूची लांबी टेबलाच्या फळीच्या जाडीपेक्षा कमी हवी, हे वाक्य वाचायला बावळट वाटेल पण माझ्या टेबलाच्या वरच्या बाजूला कीबोर्डशेजारी एक टोक बाहेर आलंय, आता त्यावर कुंडी ठेवलीये, मला वाटतं फोटोतल्या कुंडीचंही तसंच काहीतरी असावं. दुसरा स्क्रू हातातून निसटला तो सरळ कपाळावर. लेक इतकी हसली की टॉर्चचा उजेड खोलीभर नाचत होता.

बोर्डाशेजारी जाळीचा ट्रे लावला, तारेचा, लांबट, त्यात सगळ्या विटा आणि जादा लांबीची भेंडोळी. वर टेबलावर यायचं ते फक्त वायरीचं टोक, लागेल तेवढंच. म्हणजे जमिनीला आता एकच वायर टेकते, बोर्डापासून भिंतीच्या सॉकेटपर्यंतची. झाडू मारताना काही सरकवायला लागत नाही. बोर्डाच्या पुढे आणखी एक बोर्ड लावायचा नाही हे मात्र पक्कं लक्षात ठेवा, सॉकेट कमी पडली तर मोठा बोर्ड आणा, आणि त्याच बोर्डावर इस्त्री नाहीतर हीटर लावायचा मोह झाला तर हातावर चापट मारून घ्या.

वायरी बांधायच्या कशाने यावर मी आता वाद घालू शकतो. ते पांढरे प्लॅस्टिकचे केबल टाय येतात ना, करकचून बसणारे, एकदा लावला की कापावाच लागतो. मी पहिल्यांदा तेच लावले, छान दिसत होतं, आणि चौथ्या दिवशी वेबकॅम बदलायची वेळ आली. एक वायर काढायला सात टाय कापले, सातव्याला कात्रीने टायऐवजी स्पीकरची वायरच कापली. तेव्हापासून वेल्क्रोच्या पट्ट्या, चपलेला असतात तशा, उघडा-लावा, उघडा-लावा, कितीही वेळा. आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी. दोन्ही! एकाच टोकाला लावली तर ती नेमकी दुसऱ्या टोकाला उभे असताना हवी असते. कागदाची चिकटपट्टी आणि बॉलपेन पुरतं, ‘मॉनि’, ‘प्रिं’, ‘राउ’. घरातल्या कुणालाही फोनवरून सांगता येतं, ती राउ लिहिलेली काढ आणि परत लाव. मागच्या महिन्यात बायकोने हे एकटीने केलं, मी घरी नव्हतो, आणि तिला टेबलाखाली जाऊन मला फोन करून ‘काळी कुठली, सगळ्याच काळ्या आहेत’ असं विचारावं लागलं नाही.

वायरी अगदी तंग ओढू नका. मॉनिटर पुढे-मागे होतो, डबा पुसायला उचलायला लागतो, तेवढी ढील ठेवा, वीतभर. तंग वायर दिसते चांगली पण सगळा ताण जातो पिनेवर, आणि पिनेतून डब्याच्या भोकावर, आणि छोट्या डब्यात ते भोक थेट आतल्या मुख्य बोर्डालाच झाळलेलं असतं, ते हललं की खर्च वायरीचा राहत नाही.

आता माऊस. हा किस्सा सांगितल्याशिवाय पत्र संपवणार नाही. सगळं आवरून झालं, टेबल चकाचक, आणि माऊस अडखळायला लागला. बाण स्क्रीनवर उड्या मारायचा, मधेच थांबायचा. सेल बदलले. टेबलावर कागद ठेवून बघितला. दुसरा माऊस मागून आणला, तोही तसाच. लेकीचं मत पडलं, बाबा कॉम्प्युटरच गेलाय. आवरण्याआधी ठीक होता आणि आवरल्यावर बिघडला, म्हणजे आवरण्यातच काहीतरी आहे एवढं मला कळत होतं, पण काय? तर माऊसचा तो नखाएवढा डोंगल, म्हणजे माऊसचा सिग्नल पकडणारा तुकडा, मी नीटनेटकेपणासाठी डब्याच्या मागे खोचला होता आणि त्याच्या लगतच्याच भोकात बाहेरची डिस्क. डिस्क यूएसबी ३ ची. आता गंमत बघा, बिनवायरचे माऊस बोलतात २.४ गिगाहर्ट्झवर, आणि यूएसबी ३ चं भोक आणि केबल काम करताना नेमकी त्याच पट्ट्यात खरखर सोडतात. इंटेलनेच २०१२ मध्ये यावर कागद प्रसिद्ध केला होता. मोठ्या डब्यात भोकं लांब लांब असतात, एक पुढे एक मागे, म्हणून जाणवत नाही, या छोट्यात दोन भोकांमध्ये बोटभरही अंतर नाही, वर माऊस आणि डोंगल यांच्यामध्ये डबा स्वतःच आडवा. उपाय? वीतभराची यूएसबी एक्स्टेंशन वायर घेतली, डोंगल तिच्या टोकाला लावून मॉनिटरच्या पायाशी पुढे आणला. माऊस लोण्यासारखा. म्हणजे पंधरावी वायर आलीच शेवटी! नेट वायफायवर असेल तर तेही २.४ वरून ५ गिगाहर्ट्झवर घ्या, आणि जमत असेल तर सरळ वायरच टाका, डबा काही जागेवरून हलणार नाहीये.

उंचीचं थोडं सांगतो, कारण लेखात यावर दोनच ओळी होत्या. १९८१ चा आयबीएमचा पीसी आठवा, फोटोत तरी बघितला असेल, डबा आडवा, साधारण १४ सेंटिमीटर उंच, आणि मॉनिटर त्याच्या डोक्यावर. दिसायला धोंडा, पण स्क्रीन आपोआप वर जायचा. मग डबे उभे झाले, टेबलाखाली गेले, मॉनिटर खाली उतरला आणि आपल्या माना त्याच्याबरोबर. आणि आता आपण काय करतो, दहा-बारा सेंटिमीटर उंचीचा लाकडी स्टँड आणतो, त्यावर मॉनिटर ठेवतो आणि खालच्या खणात हा छोटा डबा. फिरून तिथेच आलो की! पण हीच मांडणी मला सगळ्यात पटली, आणि सध्या माझ्याकडे हीच आहे. डबा मॉनिटरखाली, पुढची भोकं माझ्याकडे तोंड करून, स्टँडला मागून-पुढून मोकळं असल्यामुळे हवा वाहती, आणि काम नसताना कीबोर्डही त्याच्याखाली सरकतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली, अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं. चष्म्याच्या खालच्या भागातून वाचायचं असेल, माझ्यासारखं, तर मॉनिटर अजून दोन-तीन सेंटिमीटर खाली घ्या, नाहीतर दिवसभर हनुवटी वर करून बसाल. मी चार महिने बसलो. मानेचे व्यायाम चालू होते, दोष स्टँडचा होता. खिडकी पाठीमागेही नको आणि समोरही नको, बाजूला हवी.

मॉनिटर आर्मचं लोक फार कौतुक करतात, टेबलाच्या कडेला आवळायचा दांडा. चांगला असतो. फक्त मॉनिटरचं वजन त्याच्या मर्यादेत बसतंय का बघा आणि काचेच्या टेबलाला लावू नका.

यूपीएसबद्दल लेखात एक शब्द नव्हता, आणि याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. लॅपटॉप सोडून जो माणूस छोट्या डेस्कटॉपकडे येतो त्याला लक्षातच राहत नाही की आता पोटात बॅटरी नाहीये. लाईट गेली, संपलं. माझं अडीच तासांचं काम असं गेलंय, मी ते सेव्ह केलं नव्हतं ही माझी चूक, पण लॅपटॉपवर ती चूक खपून गेली असती. छोट्या डब्याचा फायदा इथे असा की तो वीजच मुळात थोडी खातो, २०२४ चा साधा एम४ चिपवाला मॅक मिनी नुसता चालू असताना ४ वॅटवर बसतो असं ॲपलचंच म्हणणं आहे, माझा जरा जास्त खातो, पण मॉनिटर धरूनसुद्धा हलक्या कामाला ५० वॅटच्या आत, त्यामुळे घरगुती छोटा यूपीएससुद्धा पंधरा-वीस मिनिटं आरामात काढतो, सेव्ह करून, राउटरही त्यावरच असेल तर मेल पाठवून, निवांत बंद करता येतं. लेझर प्रिंटर मात्र त्यावर लावायचा नाही, तो सुरू होताना एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस किंचाळतो आणि सगळंच बसतं. आणि बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, बदलायची तारीख मी त्याच्याच पाठीवर चिठ्ठी लावून लिहिलीये. दिसायला यूपीएस कुरूप, जड, हिरव्या लाल दिव्यांचा, कुठल्याच फोटोत नसतो. माझा टेबलाच्या पायाशी भिंतीला टेकून आहे. फोटो काढला तर दिसेल.

घेण्याबद्दल एकच. काही छोट्या डब्यांत रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, नंतर वाढवता येत नाही, म्हणून घेतानाच पुढची पाच वर्षं धरून घ्यावी, काहींत लॅपटॉपसारखी काढता-घालता येते आणि आत डिस्कची पट्टीही आपली आपण बदलता येते, ते झाकण उघडून नव्हे, माहितीपत्रकात आधीच बघावं. मोठे गेम खेळणाऱ्यांनी नाहीतर तीन-तीन ग्राफिक्स कार्डांचं काम असणाऱ्यांनी मोठा डबाच ठेवावा, त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. आणि ज्याला आज या खोलीत उद्या त्या खोलीत बसायचंय त्याने लॅपटॉप सोडू नये.

तर संपादकसाहेब, विनंती अशी की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा त्याच टेबलाचा एक फोटो मागून आणि एक खालून काढून छापा. ज्याचं टेबल आहे तो माणूस नको म्हणेल, आग्रह करा. मी माझे दोन्ही पाठवायला तयार आहे, खालच्यात लेकीचा पाय आणि टॉर्च आलाय, चालत असेल तर.

पत्र मोठं झालंय, कल्पना आहे, तुम्ही कापणारच. माऊसचा किस्सा कापलात तरी चालेल, वेसाचा पण. यूपीएसचं मात्र कापू नका.

आपला,
चौदा अधिक एक वायरींचा धनी, एक वाचक